मिनिटाच्या डावातील सापळे

येथील आकाशवाणी केंद्राने मला नेमून दिलेला विषय आहे मोबाइलवरच्या अतिजलद बुद्धिबळाचा, ज्यात प्रत्येक खेळाडूस संपूर्ण डावासाठी अवघे एक मिनिट, फार तर तीन मिनिटे मिळतात आणि घड्याळ शून्यावर आले की पटावर वजीर शाबूत असूनही हार पत्करावी लागते. तुळजापूरपासून परंड्यापर्यंत ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांना याहून अधिक वर्णन नको.

अशा डावात प्रतिपक्षाला विचाराची उसंतच नसते, म्हणून आरंभीच्या सापळ्यांना भाव येतो. चार चालींत मात करणारा वजीर-उंटाचा हल्ला सर्वांस ठाऊक आहे. तो काळ्या राजाच्या उंटापुढील प्याद्यावर येतो, कारण त्या नाक्यावर आरंभी स्वतः राजाखेरीज कोणाचाही पहारा नसतो. पुन्हा सांगतो, राजाखेरीज कोणाचाही नसतो.

परंतु मला खरे कौतुक आहे ते एका निराळ्याच लबाडीचे. वेळ वाचविण्यासाठी ही मुले समोरच्याची चाल होण्यापूर्वीच आपली पुढची चाल लावून ठेवतात. त्यास ती प्रीमूव्ह म्हणतात. काळ्याने राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकविले की रिकाम्या झालेल्या घरी तो उंट आणणार, हे उघडच असते. वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून ज्याने आपल्या उंटाची वाट आधीच मोकळी केली आहे, असा पांढरा आता तो उंट थेट काळ्या उंटाच्या तोंडी नेऊन बसवितो. पट पाहणाऱ्यास तो फुकट मारता येईल. पण काळ्याची चाल आधीच लागलेली! त्याचा उंट मुकाट्याने ठरल्या घरी येतो, मारला जातो, आणि मागचा कोपऱ्यातील हत्तीही त्याच माऱ्यात सापडतो. समोरासमोर बसून खेळताना हा सापळा संभवतच नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही बहुधा एकच घर चाले, आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे जाण्याची सवलत असे. त्यामुळे फौजा भिडण्यास विलंब लागे व राजास घरातच गाठणे दुष्कर होई. ती पद्धत नामशेष होत चालली याची मला खंत आहे. असो.

वेगवान खेळातूनही मोठे यश मिळते, हे मी नाकारीत नाही: नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपी यांच्याविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटल्यावर जलद डावांत. मात्र तेथे निकाल लागला तो पटावर मोजके मोहरे उरल्यावर. आमच्या मुलांचा रिवाज असा, की वजीर गेला रे गेला की राजीनामा आणि लगेच नवा डाव. मग ती डावाचा उत्तरार्ध शिकणार केव्हा?

वेळ संपल्याची खूण झाली आहे. घोड्याच्या सापळ्यांविषयी बोलावयाचे राहूनच गेले. पालकांना विनंती इतकीच, की मुलांना निदान दहा मिनिटांचे डाव खेळावयास लावा आणि पहिल्या पाच चालींत प्रीमूव्हला सक्त मनाई करा.