पटावर नाव, वर्गात जागा

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज गुणवंतांचा सत्कार आहे. त्यानिमित्त शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या आजा-पणजांना शाळा कशी मिळाली, याविषयी चार शब्द बोलणार आहे.

त्या काळी सरकारी शाळा आपल्याला कायद्यानेच बंद होती, असे पुष्कळांना वाटते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला, हे खरे. परंतु त्यावर बराच खल होऊन १८५८ मध्ये सरकारने जाहीर केले, की जी शाळा संपूर्ण सरकारी खर्चाने चालते ती सर्व जातींना खुली राहील. कागद झाला. तरीही १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांच्या पटावर आपली मुले शंभरात एकही भरत नव्हती, आणि कॉलेजात तर कोणीच नव्हते.

आपला नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, या इतिहासात मागे नाही. येथील अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून महात्मा फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. नगरलाच १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्राने १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापला. आपल्या लेकरांना शिकवले तर ती काय लिहू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. बुद्धी होती, बसायला जागा नव्हती.

ही जागा म्हणजे काय, ते बाबासाहेबांच्या बालपणावरून कळते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले गेले. वडील सुभेदार, नाव पटावर रीतसर. तरी त्या शाळकरी दिवसांत त्यांना कोपऱ्यात, घरून नेलेल्या तरटावर बसावे लागे आणि संध्याकाळी ते तरट परत घरी न्यावे लागे. शिपाई असेल तरच पाणी, नाही तर तहानलेले राहायचे. पुढे मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत शिकायचे होते, तेही मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, ते अशा स्थितीत.

दूरच्या न्यूझीलंडमध्ये माओरी या मूळ रहिवाशांची तऱ्हा थोडी वेगळी होती. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या गावोगावी सरकारी शाळा निघाल्या. त्यासाठी जमीन माओरींनीच द्यायची होती. शिक्षण इंग्रजीतून, कित्येक शाळांत मुलाने मातृभाषा बोलली तर शिक्षा होई. ते आउटे या त्यांच्या शाळेतून शिकलेले अपिराना न्गाटा १८९३ मध्ये पदवीधर झाले. पण तेथून मुले विद्यापीठाकडे जाऊ लागली, तेव्हा १९०६ च्या चौकशी आयोगाने शिफारस केली, की तेथे शेतीकामाच्या शिक्षणावर भर द्यावा. म्हणजे दार उघडे, पण किती पुढे जायचे ते दुसऱ्याने ठरवायचे! मित्रहो, संस्कृत नाकारणे आणि हे, यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आपल्याकडे जागा मिळाली ती खटपट करणाऱ्या माणसांमुळे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये परळला शाळा उघडली. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. वसतिगृह का? तर खेड्यातल्या आपल्या पोराला शहरात कोणी खोली देत नसे. डोक्यावर छप्पर नाही, तर शाळेचा प्रवेश काय कामाचा?

आज तरट गेले, पण जागेचा प्रश्न पुरता सुटला नाही. मी बँकेत काउंटरवर बसतो. शिष्यवृत्ती जमा झाली का, हे विचारायला एकच मुलगा तीन-तीनदा येतो. खात्याला आधार जोडलेला नसतो, किंवा अर्जात त्रुटी निघालेली असते आणि ती त्याला कोणी सांगितलेली नसते. तोवर खोलीचे भाडे थकते. एखादा मग यायचाच बंद होतो. कॉलेजच्या पटावर मात्र त्याचे नाव असतेच.

म्हणून मंडळाला माझी एकच विनंती आहे. सत्काराबरोबर आपण आपला एक पट ठेवावा. यंदा दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव त्यात लिहावे आणि दर सहा महिन्यांनी विचारावे: कुठे शिकतोस? राहतोस कुठे? अर्ज भरलास का? कागदपत्रांचे व खात्याचे काम मी रविवारी विहारात बसून करून देईन. वही आजच घालू या. विद्यार्थी मित्रांनो, जाण्यापूर्वी आपले नाव लिहून जा.

जय भीम!