ईटीए तीन मिनिटांनी कमी करताना

आजचा एपिसोड गाडी चालवताना ऐकत असाल तर ऐका, फक्त मध्ये आकडे येतील तेव्हा फोनकडे बघू नका. सगळे आकडे खाली ब्लॉगवर असतात, घरी पोचल्यावर वाचा.

आज विषय आहे सिंगल रोडवरचं ओव्हरटेकिंग. म्हणजे दोन पदरी रस्ता, मध्ये डिव्हायडर नाही, एक बाजू आपली, एक समोरच्याची. पुण्यातून गावाला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा शेवटचा तास याच रस्त्यावर जातो. माझंही तेच. पुणे ते कराड हायवे, साधारण एकशे साठ किलोमीटर, क्रूझ कंट्रोल लावून गप्पा मारत यायचं. कराडला हायवे सुटला की ताकारी, पलूस, तासगाव बाजूला. सगळा कृष्णाकाठचा ऊस. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, वेग ताशी वीस.

आधी मी काय केलं ते सांगतो, कारण ते न सांगता बाकीचं बोललो तर ते प्रवचन होईल.

गेल्या जानेवारीत चुलत बहिणीच्या साखरपुड्याला चाललो होतो. साखरपुडा दुसऱ्या दिवशी. म्हणजे घाई अशी काही नव्हतीच. शेजारी पप्पा, मागे आई. ताकारी ओलांडून थोडं पुढे आलेलो, संध्याकाळचे पावणेसात, धड उजेड नाही आणि धड अंधारही नाही अशी वेळ. मॅपवर पोचायची वेळ दिसत होती ७:०५. मला एक सवय होती, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना असणार. तो ईटीए कमी करत न्यायचा. गेमचा स्कोअर असल्यासारखा. ७:०५ चं ७:०४ झालं की बरं वाटायचं.

पुढे एक पिकअप होता, पन्नासच्या आसपास चाललेला. दोन-तीन किलोमीटर मी त्याच्या मागे. समोर सरळ रस्ता दिसला, लांबवर एकच दिवा. म्हटलं लांब आहे. बाहेर काढली गाडी.

पिकअपच्या बरोबरीला आलो तेव्हा कळलं की पिकअपच्या पुढे ट्रॅक्टर आहे. डबल ट्रॉली. मागे रिफ्लेक्टर नाही, टेललॅम्प नाही, वाढं खाली लोंबतंय. पिकअपने आत्ता ब्रेक दाबला म्हणून मला ट्रॅक्टर दिसला, तोपर्यंत पिकअपच्या आड होता. म्हणजे एक गाडी ओलांडायची म्हणून निघालो आणि ओलांडायच्या झाल्या चार, कारण प्रत्येक ट्रॉली एकेका गाडीएवढी. परत मागे जावं तर माझ्या मागच्या कारवाल्याने जागा भरून टाकलेली. आणि तो लांबचा एकच दिवा लांब नव्हता.

एकच दिवा असला की अंतर कळत नाही. दोन दिवे असतील तर जवळ येताना त्यांच्यातली फट वाढते, डोळ्याला तेवढा तरी अंदाज येतो. मोटरसायलचा दिवा शेवटपर्यंत ठिपकाच असतो आणि मग एकदम अंगावर येतो.

तो माणूस साइडपट्टीवर उतरला. त्याने उतरून घेतलं म्हणून आज मी हे बोलतोय. मी मधून निघून गेलो. आरशात दिवा आडवा झालेला दिसला.

मी थांबलो नाही. अर्धा किलोमीटर तरी तसाच चालवत राहिलो. घाबरलो होतो, की पळत होतो, मलाच नीट सांगता येत नाही. आई मागे काहीतरी पुटपुटत होती. पप्पा एवढंच म्हणाले, "गाडी वळव."

परत गेलो. दूधवाला होता, साठीच्या आसपासचा. गाडीला दोन्ही बाजूंना कॅन. कोपर आणि गुडघा खरचटलेला, बाकी ठीक. एक कॅन उपडा होऊन सगळं दूध मातीत. आईने बाटलीतल्या पाण्याने त्याचा हात धुतला. मी पैसे पुढे केले. त्याने दुधाचा हिशोब केला, तेवढेच घेतले, बाकीचे परत दिले. कॅन बांधताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या मागं कोण लागलं हुतं का?"

कुणी नव्हतं लागलं.

घरी पोचायला त्या दिवशी साडेसात वाजले. रात्री झोप येईना म्हणून उठून लॅपटॉपवर हिशोब मांडला. आपला स्वभावच तो, प्रॉडक्शनला काही फुटलं की आधी लॉग बघायचे.

पहिला प्रश्न, मी वाचवणार किती होतो? घर पंधरा किलोमीटर. पिकअपच्या मागे ताशी ५० ने गेलो असतो तर १८ मिनिटं. तो नसता आणि मी ६० ने गेलो असतो तर १५ मिनिटं. फरक तीन मिनिटांचा, तोही पुढे ट्रॅक्टर नाही असं धरून. किलोमीटरमागे १२ सेकंद.

आता ट्रॅक्टर. ताशी २० म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं. ६० ने जाल तर एक. किलोमीटरमागे दोन मिनिटांचा फायदा, म्हणजे पिकअपच्या दहापट.

मग रस्ता किती लागतो? ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागचं-पुढचं अंतर आणि आपली गाडी धरून त्याच्यापेक्षा साधारण ५० मीटर जास्त जायचं. खालच्या गिअरमध्ये साध्या हॅचबॅकला सात-आठ सेकंद. तेवढ्या वेळात आपण ९० ते १०० मीटर जातो आणि समोरून ताशी ८० ने येणारी कार १६० ते १८० मीटर जवळ येते. बेरीज अडीचशे ते पावणेतीनशे मीटर. पिकअप लांबीला ट्रॅक्टरच्या एक तृतीयांश. पण तो ५० ने पळतोय. तुम्हाला ५० वरून ८० ला जायचंय आणि वरच्या गिअरमध्ये गाडी आळशी असते. आठ सेकंद धरले तरी त्यात आपणच दीडशे मीटर जातो. समोरच्याचे मिळवले तर साडेतीनशेच्या जवळ.

म्हणजे फायदा दहापट कमी आणि मोकळा रस्ता मात्र जास्त हवा. हे मला त्या रात्रीपर्यंत उलटं वाटायचं. मला वाटायचं ट्रॅक्टर अवघड, पिकअप सोपा. आणि खरं सांगा, आपण जास्त ओव्हरटेक कुणाला करतो? आपल्यापेक्षा थोडासाच हळू चालणाऱ्याला. कारण तोच जास्त वेळ समोर राहतो आणि डोक्यात जातो.

हे सगळं मी सिव्हिलच्या एका बॅचमेटला पाठवलं. त्याने इंडियन रोड्स काँग्रेसचा तक्ता पाठवला. ओव्हरटेकसाठी समोर किती रस्ता दिसायला हवा, तर डिझाइन वेग ताशी ६० असेल तर ३०० मीटर, ८० असेल तर ४७० मीटर. आणि नुसती गाडी थांबवायला ८० च्या वेगाला १२० मीटर. तो म्हणाला, रस्ता आखताना थांबण्याएवढं अंतर सगळीकडे दिसलंच पाहिजे, ओव्हरटेकएवढं सगळीकडे देता येत नाही. ते काही तुकड्यांतच मिळतं. म्हणजे रस्ता मोकळा दिसतोय म्हणून तो ओव्हरटेक करण्याइतका दिसतोय असं नसतं. मधली रेष अखंड असते ती यासाठीच. आपल्याकडे ती बऱ्याचदा पुसलेली असते हा वेगळा एपिसोड.

(आणि हो, मी वर ८० धरलंय. अशा रस्त्यावर कारची कमाल मर्यादा केंद्राने २०१८ च्या अधिसूचनेत ताशी ७० ठरवली होती. मी ८० धरलं कारण समोरचा ७० ने येईल असं धरून चालणारा माणूस मी नाही.)

४०० मीटर डोळ्याने कसे ओळखायचे? मी फोनवर मोजून बघितलं. आमच्या रस्त्याकडेचे विजेचे खांब साधारण पन्नास-पन्नास मीटरवर आहेत. म्हणजे आठ खांब. तुमच्या रस्त्यावर वेगळं असेल, एकदा मोजून ठेवा. मी आता मनात खांब मोजतो. गंमत अशी, की आठ खांब मोकळे सापडतात फार कमी वेळा. रात्री खांबच दिसत नाहीत, त्यामुळे रात्री मी पिकअपच्या नादालाच लागत नाही.

आता ट्रॅक्टरवाल्याची बाजू. माझा चुलतभाऊ हंगामात ट्रॅक्टरवर असतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याला झाला प्रकार सांगितला. वाटलं समजूत काढेल. तो म्हणाला, "उद्या खेपेला चल." दुसऱ्या दिवशी साखरपुड्याचं जेवण आटोपून गेलो आणि मडगार्डवर बसलो. हेही करू नये, माहीत आहे.

वरून जग वेगळं दिसतं. ऊस ट्रॅक्टरपेक्षा रुंद भरलेला, त्यामुळे आरशात फक्त ऊस. इंजिनाचा आवाज, त्यावर टेप. मागे कोण हॉर्न मारतंय ते कळतच नाही. मी वर्षानुवर्षं समजत होतो की हे मुद्दाम साइड देत नाहीत. दादाने साइडपट्टी दाखवली. डांबराच्या कडेला वीतभर खड्डा, खाली भुसभुशीत. "एक चाक खाली गेलं की ट्रॉली पलटी. दोन्हीत मिळून पंधरा-वीस टन हाय. ट्रॉलीला ब्रेक न्हाईत, जे काय हाय ते ट्रॅक्टरचं." म्हणजे साइड देणं त्याच्यासाठी नम्रपणा नाही, जुगार आहे. त्याला जास्त राग ओव्हरटेक करणाऱ्यांचा नाही. ओव्हरटेक करून लगेच पुढ्यात घुसून ब्रेक दाबणाऱ्यांचा आहे.

रिफ्लेक्टरचं विचारलं. म्हणाला, हंगामाच्या सुरुवातीला लावतात, मग ऊस भरताना-उतरताना फाटतं, चिखल बसतो. पुसायला किती वेळ लागतो विचारल्यावर गप्प बसला. संध्याकाळी काट्यावर नंबर लागायची वाट बघताना मात्र फडकं घेऊन उतरला. मी काही बोललो नाही. दादा आहे शेवटी.

एक गोष्ट त्यालाही सांगता आली नाही. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो, त्याचा अर्थ काय? कुणी म्हणतं "ये, रस्ता मोकळा आहे". कुणी म्हणतं "येऊ नको, समोरून गाडी आहे". आणि कधीकधी तो खरंच उजवीकडे वळणार असतो! एकाच सिग्नलचे तीन अर्थ, डॉक्युमेंटेशन कुठेच नाही. अशी एपीआय ऑफिसात कुणी दिली तर आपण वापरणार नाही. रस्त्यावर मात्र त्याच्या भरवशावर आईबापाला घेऊन समोरच्या लेनमध्ये जातो. तसंच पुढच्या गाडीच्या मागोमाग ओव्हरटेकला निघणं. त्याने बघितलंय म्हणून तो निघालाय. त्याला आत शिरायला जागा आहे. आपल्याला कुठे आहे?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचा आकडा. तो मी आधीही वाचला होता, स्क्रोल केलं होतं.

मग मी आता काय करतो? ट्रॅक्टरला ओलांडतो, पण थांबून. एक मिनिट मागे राहिलं तर खरं नुकसान चाळीस सेकंदांचं, कारण त्या मिनिटात तोही थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्या बुडाला चिकटत नाही. मागे राहिलं की त्याच्या पुढचं दिसतं, आणि त्याच्या पुढे अजून कोण आहे हेच तर बघायचं असतं. पन्नासने चाललेल्याच्या मागे मी पन्नासने जातो. मागचे डिपर मारतात. मारू देत. अवघड जातं हे कबूल, विशेषतः मागचा हॉर्न वाजवायला लागला की. मॅपवरची पोचायची वेळ झाकली जाईल असा फोन उभा करतो. हसाल तुम्ही, पण चालतं.

गेल्या महिन्यात परत गावी गेलो, तिघंच होतो. कराड सोडल्यावर मी नेहमीसारखा एका टेम्पोच्या मागे लागलो आणि तसाच राहिलो. ताकारी यायच्या आधी बघितलं तर पप्पांना झोप लागलेली. जानेवारीनंतर माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच झोपले.

चला. तुमच्याकडे ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचा अर्थ काय आहे ते जिल्ह्याच्या नावासकट कळवा, यादी करून पुढच्या एपिसोडमध्ये वाचतो. भेटू.