केना उपटताना मातीखाली बघा

पाऊस जरा उघडला, वाफसा आला, की घरोघरी खुरपं हातात येतं. आज मला बोलायचंय ते एकाच तणाबद्दल, केन्याबद्दल. केना कसा दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. त्याला काढायचं कसं, ते मात्र दरवर्षी सांगावं लागतं.

श्रावणात किनवट-माहूरकडच्या सागवानी रानात जा. झाडांखाली, ओलसर सावलीत केना पसरलेला दिसेल. सकाळी निळीशार फुलं उमलतात, दुपार व्हायच्या आत मिटून जातात. रानात त्याचा कुणाला त्रास नाही. पण तोच केना रोपवाटिकेतल्या रोपाच्या पिशवीतून, मातीसोबत, आपल्या परसात येतो. परसात त्याला ओल मिळते ती मोरीच्या पाण्याची. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याची किंमत तिथल्या बायकांना कुणी शिकवायला नको. म्हणून त्या मोरीचं पाणीही परसातल्या पपईला, कर्दळीला सोडतात, ते शहाणपणाचंच आहे. पण तिथं ओलही असते आणि सावलीही, म्हणून केन्यालाही नेमकी तीच जागा मानवते.

मग आपण काय करतो? खुरप्यानं वरच्या वर छाटतो आणि तिथंच टाकून देतो. हे बंद करा. केन्याच्या प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात. ओल्या मातीवर पडलेला पेराचा तुकडा पुन्हा धरतो. एका वेलाचे दहा तुकडे केले, तर आपल्या हातानं आपण दहा रोपं लावली म्हणायची.

दुसरी गोष्ट बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. केना मुळासकट हळूच उपटा, माती झटका आणि नीट बघा. बुडाशी पांढुरक्या, बारीक फांद्या खाली गेलेल्या असतात. त्यांना फुलं येतात, तीही मातीच्या आत! ती उमलत नाहीत, त्यांना माशी लागत नाही, वारा लागत नाही. मिटल्या मिटल्याच त्यांच्यात बी धरतं. वरच्यापेक्षा संख्येनं कमी, पण टपोरं.

आपल्या आज्या पैसे कशा ठेवायच्या, आठवा. चार पैसे कनवटीला आणि खरी पुंजी डाळीच्या डब्यात, तळाशी. कनवटीचे पैसे सांडले तरी घर अडायचं नाही, डबा उघडला की भागायचं. केन्याचं तसंच आहे. निळं फूल ही त्याची कनवट. डबा मातीखाली. आपण दरवर्षी कनवट कापतो, डबा तिथंच ठेवतो आणि पुढच्या मृगात म्हणतो, अरे, हा परत आला कुठून? डब्यातूनच आला! रोप अगदी कोवळं असतानाच उपटलं, तर डबा भरायलाच वेळ मिळत नाही.

सोयाबीनवाल्यांनाही हेच सांगणं आहे. फवारा मारला आणि काम झालं, असं समजू नका. ग्लायफोसेटसारखं तणनाशकसुद्धा केना बऱ्याच अंशी पचवतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कापूसवाल्यांना त्यानं याच कारणानं जेरीस आणलं. बाकी तणं मेली आणि मोकळं रान केन्याला मिळालं. गुत्त्यानं खुरपण देता तेव्हा बायांना नुसतं "लवकर उरका" म्हणू नका. घाई झाली की खुरपं वरूनच फिरतं. केना बुडातून काढून बांधाबाहेर न्यायला वेळ लागतो, त्याचे दोन पैसे जास्त द्या.

आणि उपटलेला केना उकिरड्यावर फेकू नका. तिथं त्याला ओलही मिळते आणि खतही. फरशीवर, पत्र्यावर कडक उन्हात पसरा, पेरं पार वाळू द्या. नाहीतर शेळीपुढं टाका, आवडीनं खाते.

माणसांनीही खावा. कोवळे शेंडे खुडायचे, भिजवलेली मुगाची डाळ आणि लसूण घालून परतायचे. पानांची भजीही छान होतात. पण फवारलेल्या रानातला केना भाजीला आणायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. घराघरात ही भाजी पुन्हा सुरू झाली, तर परसातला केना फुलावर येण्याआधीच ताटात येईल. यावर पुष्कळ बोलता येईल, पण वेळ संपत आलाय.

केना पुन्हा सहज उगवू नये म्हणून झाडांच्या बुडाशी सोयाबीनच्या भुसकटाचं आच्छादन कसं घालायचं, तेही सांगायचं होतं. जाड थर द्या, खोडाला चिकटू देऊ नका, इतकंच आत्ता सांगतो. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण केना छाटून जागेवर टाकायचा नाही. बुडातून उपटायचा, मातीखालच्या पांढऱ्या फांद्यांसकट. उद्या सकाळी एक रोप उपटून, माती झटकून, लेकरांना दाखवा.