मागणीनुसार साठा : कृत्रिम नेत्रभिंगांच्या निर्मितीतील नियोजन



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी साधारण सहा मिलिमीटर व्यासाचे कृत्रिम भिंग बसविले जाते. शल्यविशारदाचे कौशल्य सर्वांना दिसते. परंतु त्या दिवशी, त्या रुग्णालयाच्या कपाटात, त्या रुग्णाला हव्या असलेल्या नंबरचे भिंग असणे, यामागे उभे असलेले नियोजन सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या निर्मात्याने साठा किती व कशाच्या आधारावर ठेवावा, हा प्रश्न समजून घेण्यासाठी या लहानशा भिंगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सर हॅरॉल्ड रिडले यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी जगातील पहिले कृत्रिम भिंग बसविले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण भिंगाची शक्ती चुकल्यामुळे त्या रुग्णाला मोठ्या उणे नंबरचा दोष राहिला. भिंग बसविणे पुरेसे नाही, ते योग्य शक्तीचे असले पाहिजे, हा धडा पहिल्याच प्रयत्नाने दिला. आज शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी व पारपटलाचा बाक मोजून शक्ती ठरविली जाते. भारतात १९९२ साली मदुराई येथे अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने भिंगे बनविण्यास आरंभ केला आणि आयात भिंगांच्या तुलनेत किंमत फार खाली आणली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविल्या गेलेल्या मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्पामुळे भिंगरोपणाची शस्त्रक्रिया सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. भिंग स्वस्त झाले. ते वेळेवर पोहोचविण्याचा प्रश्न मात्र त्याने आपोआप सुटला नाही.

याचे कारण विविधतेत आहे. भिंगे अर्ध्या डायॉप्टरच्या अंतराने बनतात. १० पासून ३० डायॉप्टरपर्यंतच धरले तरी एका प्रकारच्या भिंगाचे ४१ नंबर होतात. दोन प्रकार असतील तर ८२. बहुसंख्य डोळ्यांना १८ ते २४ च्या दरम्यानचा नंबर लागतो. त्याबाहेरील नंबर क्वचित लागतात, पण ज्याला लागतो त्याला तोच हवा असतो. वर्षभरात एकूण किती भिंगे खपतील याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. मात्र पुढील मंगळवारी अमुक गावी साडेसव्वीस नंबरची किती भिंगे लागतील, हे कोणीही सांगू शकत नाही. केवळ अंदाजावर विसंबून उत्पादन केले की एक विचित्र स्थिती उद्भवते : गोदाम भरलेले असते आणि तरीही हवे ते भिंग नसते. मग शल्यविशारदापुढे दोनच मार्ग उरतात. रुग्णाला पुढची तारीख द्यायची, अथवा जवळच्या नंबरावर भागवायचे. पहिल्यात वृद्ध रुग्णाचा आणि त्याला घेऊन आलेल्या नातलगाचा दिवस व मजुरी वाया जाते. दुसऱ्यात चष्म्याचे ओझे जन्मभर राहते. इकडे न खपलेल्या भिंगांच्या निर्जंतुकतेची मुदत संपते व ती नष्ट करावी लागतात. त्यांचा खर्च अखेरीस पुढच्या रुग्णाच्या भिंगाच्या किमतीत शिरतो.

या गोंधळात पुरवठा-साखळीची भर पडते. एखाद्या नंबरची टंचाई जाणवली की रुग्णालय दहाऐवजी वीस भिंगे मागविते, वितरक सुरक्षिततेसाठी तीस मागवितो आणि कारखान्याला मागणी तिप्पट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात डोळे तेवढेच असतात. मागणीतील लहान चढउतार मागच्या मागच्या टप्प्यावर मोठा होत जातो, हे जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये दाखविले. पुढे हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या लेखांत त्याचे विश्लेषण ‘बुलव्हिप’, म्हणजे चाबकाच्या फटकाऱ्याचा परिणाम, या नावाने केले. मनगट किंचित हलते, पण चाबकाचे टोक फार दूरवर जाते.

मागणीवर आधारित नियोजनाचे पहिले सूत्र यातूनच निघते : ऑर्डरींच्या आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष वापराकडे पाहावे. भिंगाच्या वेष्टनात नंबर व बॅच छापलेल्या चिकटपट्ट्या असतात. एक रुग्णाच्या कागदपत्रांवर लागते, एक त्याला मिळणाऱ्या कार्डावर. अशीच एक पट्टी साठ्याच्या नोंदवहीत लागली आणि ती नोंद रोज कारखान्यापर्यंत पोहोचली, तर तेच खरे मागणीपत्र ठरते. टोयोटाच्या कारखान्यांत ताइची ओनो यांनी रूढ केलेली कानबान चिठ्ठी याच तत्त्वावर चालते : जेवढे वापरले गेले, तेवढेच मागून भरावे.

दुसरे सूत्र साठा कोठे ठेवावा याविषयी आहे. भिंगाची शक्ती मुख्यत्वे त्याच्या पृष्ठभागाच्या वक्रतेने ठरते. लेथवर कातले जाण्यापूर्वी कच्ची चकती सर्व नंबरांसाठी एकच असते. कातल्यानंतर ती एकाच नंबरची होते. म्हणून कच्च्या चकत्यांचा साठा मुबलक ठेवण्यात धोका कमी, तर तयार भिंगांचा साठा मोजून-मापून ठेवणे शहाणपणाचे. कातण्यानंतर झिलई, तपासणी, निर्जंतुकीकरण व निर्जंतुकतेची चाचणी हे टप्पे येतात. पारंपरिक कडक भिंगांना उष्णता सोसत नसल्याने इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. तो वेष्टनातून पूर्णपणे निघून जाण्यास वेळ द्यावा लागतो. प्रचलित निर्जंतुकता-चाचणीत नमुने १४ दिवस ठेवावे लागतात. घाई केली तरी हे दिवस कमी होत नाहीत. साठा लागतो तो या दिवसांपुरता.

आता हिशेब पाहू. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ च्या ग्रंथात मांडलेल्या साहित्य-नियोजन पद्धतीला कॅरोल टाक व चॅड स्मिथ यांनी २०११ मध्ये मागणीची जोड दिली. तिच्यात प्रत्येक वस्तूच्या साठ्याचे तांबडा, पिवळा व हिरवा असे तीन पट्टे असतात. समजा, २१ नंबरची रोज ४० भिंगे वापरली जातात व नवी बॅच तयार होण्यास २० दिवस लागतात. पिवळा पट्टा ४० गुणिले २० म्हणजे ८००. अनिश्चिततेसाठी तांबडा ४००. एका वेळच्या उत्पादनाइतका हिरवा ३००. एकूण मर्यादा १५००. हाती ७००, तयार होत असलेली ३०० आणि द्यावयाची १५० असतील, तर निव्वळ स्थिती ८५० येते. ती हिरव्या पट्ट्याखाली असल्यामुळे ६५० भिंगांचे काम सुरू करावे. ८ नंबरचे भिंग दोन दिवसांत एकच लागत असेल, तर पिवळा पट्टा अवघा १०. पण मागणी लहरी असल्यामुळे तांबडाही १० ठेवणे इष्ट. निर्जंतुकीकरणाच्या एकाच खेपेत अनेक नंबर घालता येत असल्यामुळे अशा लहान बॅचही परवडतात.

मात्र या पद्धतीला विवेकाची जोड हवी. सुगी आटोपल्यावर, दिवाळीनंतरच्या थंडीत शिबिरे वाढतात. हे ठाऊक असताना वापर वाढेपर्यंत थांबणे योग्य नव्हे. शिबिरांच्या तारखा घेऊन पट्टे आधीच रुंद करावे लागतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि मोतीबिंदूच्या बहुतेक शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. वापराचा आकडा शून्याकडे गेला, पण मोतीबिंदू कमी झाले नव्हते. रुग्ण घरी वाट पाहत होते. अशा वेळी केवळ सरासरी पाहून साठा आटविणारा निर्माता शस्त्रक्रियांची गर्दी परतताच उघडा पडतो. वापर न होणे आणि गरज नसणे, यांतील भेद यंत्र ओळखत नाही. तो माणसालाच ओळखावा लागतो.

भारतात ऑक्टोबर २००५ च्या अधिसूचनेने ज्या उपकरणांना औषध कायद्याच्या कक्षेत आणले, त्यांत हे भिंगही होते. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू झाले. सदोष बॅच परत बोलावण्याची वेळ आली तर कोणते भिंग कोणत्या रुग्णालयात आहे, हे सांगता आलेच पाहिजे. ज्या चिकटपट्टीने साठा भरला जातो, तीच येथेही उपयोगी पडते.

त्यामुळे या कामाचा आरंभ महागड्या संगणकप्रणालीने होण्याची आवश्यकता नाही. शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेने त्याच दिवशी केलेली नोंद, मुदत आधी संपणारे भिंग आधी वापरण्याची शिस्त आणि रुग्णालयाने निर्मात्याला दर आठवड्याला कळविलेला खरा वापर, एवढ्यावर आरंभ करता येतो. ज्या देणगीदारांच्या साहाय्याने शिबिरे भरतात, त्यांनीही किती भिंगे दिली याबरोबरच, योग्य नंबरच्या अभावी किती रुग्ण परत गेले, हा आकडा अवश्य विचारावा.