त्याला बोलावू या का?

द्वारकेतून बोलतोय. ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या वागण्याचा न्याय करावा का?

सैन्यात एक नियम आहे, १९५४ च्या आर्मी रूल्समधला १८० वा. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कुणाच्या चारित्र्याला किंवा लौकिकाला बाध येणार असेल, तर त्याला चौकशीभर हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी द्यावीच लागते. आता आपली सोसायटी बघा, उपासनेनंतरचा चहा बघा. ज्याचा निकाल लागतो, तोच तिथे नसतो!

मत्तय ७ मधलं कुसळ नि मुसळ सगळ्यांना पाठ. पण मत्तय १८ सांगतो, भाऊ चुकला तर आधी एकांतात त्याच्याशीच बोला. म्हणजे चुकीला चूक म्हणायचंच; पण त्याच्या समोर, आणि त्याला परत मिळवण्यासाठी. मंडळीबाहेरच्यांचा न्याय तर पौलाने देवावरच सोडलाय.

पंडिता रमाबाईंनी केडगावला कृपासदन काढलं. समाजाने 'पतित' म्हणून निकाल लावलेल्या बायकांना तिथे छप्पर मिळालं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाचं नाव निघालं, की एवढंच विचारा, "त्याला बोलावू या का?" बघा, विषय बदलतो की नाही.