खाणीच्या मातीतले औषध



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, कामगारांचे दवाखान्याचे कागद वाचता वाचता झाले. तेव्हा रसायनशास्त्रावर मी बोलावे, हे धाडसच आहे. पण आमच्या एका खाणकामगाराने कर्करोगाचा उपचार मध्येच सोडला. 'तांब्याने हा रोग जातो' असे त्याला कोणी सांगितले होते. तो तांब्याच्या भांड्यातले पाणी पीत राहिला. परत इस्पितळात नेला तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मी या विषयाची पुस्तके उघडली.

त्या बोलण्यात सत्याचा एक कण होता, आणि घात त्यानेच केला. मातीतल्या सूक्ष्म जंतूंपासून प्रतिजैविके मिळतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जंतूपासून बुरशीवरचे हमायसिन काढले. जपानात हामाओ उमेझावा यांना कोळशाच्या खाणीतील मातीच्या जंतूपासून ब्लिओमायसिन मिळाले. ते १९६६ साली प्रसिद्ध झाले आणि कर्करोगावर उपयोगी ठरले. जंतूपासून मिळताना ते निळे होते, कारण त्यात तांबे होते. रोग्याला देताना ते तांबे काढून टाकतात. शरीरात ते लोह धरते, प्राणवायू घेते आणि पेशीतील डीएनएचे धागे तोडते. औषध ही मूठ, धातू हे पाते! तांब्याच्या पाण्याला ही मूठच नाही.

आज रसायनशास्त्रज्ञ सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या ओळखीच्या प्रतिजैविकांना तांबे, जस्त, रुथेनियम जोडून नवी संयुगे घडवतात. काचेच्या भांड्यात त्यांनी कर्करोगाच्या पेशी मरतात. पण भांड्यात त्या तेजाबानेही मरतील. चांगली पेशी वाचते का, हा खरा प्रश्न. ब्लिओमायसिनसुद्धा फुप्फुसांना इजा करू शकते, कारण त्याला निकामी करणारे विकर तिथे फार थोडे असते. तेव्हा धुळीत आयुष्य काढलेल्या माणसाने डॉक्टरांना आपले काम आधी सांगावे.

करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय आम्ही सही करीत नाही. औषधाच्या बातमीलाही तोच नियम लावा. गुण कुठे दिसला, भांड्यात, उंदरात की माणसात? एवढे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेला उपचार सोडू नका. आमचा एक माणूस गेला, तेवढे पुरे.