हाड जुळले, पण गुठळीचे काय?



ट्रॅक्टर उलटून मांडीचे हाड मोडलेला माणूस जुन्नर-शिरूरकडून पुण्याला ससूनमध्ये आणला, की सर्वांचे लक्ष हाडाकडे. पण पाय हलत नाही, शिरेतले रक्त साकळते, गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकते. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. एखाद्याला मात्र एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, नि जिवावर बेतते.

घरी आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, तर आपल्याकडे लगेच तेलाची वाटी येते. ती आधी फडताळात ठेवा! चोळल्याने गुठळी सुटू शकते. डॉक्टरांना दाखवा. रक्त न गोठण्याचे औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितले, की पाऊल वरखाली हलवा, रोग्याला लवकर चालवा. धाप लागलीच, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा.